गल्लीतली कुत्री आणि १८३२ ची मुंबई

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. आमच्या गल्लीत कुत्र्यांवरून दोन तट पडलेत. क्लासवरून घरी येणाऱ्या एका पोराच्या पोटरीला कुत्रं चावलं आणि तिथून सगळं पेटलं. काही घरं रोज भाकरी घालतात, काही म्हणतात गाडी बोलवा आणि सगळी उचला. तालमीत बैठक लावली, ती हातघाईवर आली. त्यात मुंबईला नोकरी करणारा एकजण म्हणाला, इंग्रजांच्या वेळी मुंबईत कुत्र्यांवरून दंगा झाला होता, लष्कर बोलवावं लागलं होतं. हे खरं का? खरं असेल तर नेमकं काय झालं होतं? आणि आम्ही काय करावं?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : खरं आहे. तारखा ६ आणि ७ जून १८३२, ठिकाण मुंबईचा कोट, म्हणजे आजचा फोर्टचा भाग. माझी सगळी नोकरी आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेली. कुत्र्यांवरून गावं भांडताना खूप पाहिली, म्हणून हा प्रसंग जिथं मिळेल तिथं वाचत आले. तो नीट सांगते, कारण तुमच्या तालमीतलं भांडण आणि ते भांडण फार लांबचं नाही.

तेव्हा मुंबईवर ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य होतं. १८१३ साली नियम झाला होता की दरवर्षी १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात रस्त्यावरची मोकाट कुत्री मारायची. उन्हानं कुत्रं पिसाळतं असा पक्का समज होता. (तो चुकीचा आहे. रेबीजचा विषाणू बाराही महिने असतो.) १८३२ मध्ये उन्हाळ्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढवली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं.

सरकारची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी माणसाला रेबीजची पहिली लस दिली ती १८८५ मध्ये, म्हणजे या दंग्यानंतर ५३ वर्षांनी. १८३२ साली पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि रोग अंगात शिरला की घरच्यांनी बघत बसायचं, एवढंच हातात होतं. ज्यानं रेबीजचा रुग्ण एकदा पाहिलाय तो त्या भीतीला नावं ठेवणार नाही. त्यामुळं तुमच्या गल्लीत ज्या आईबापांच्या पोराला चावलं, त्यांना "प्राण्यांवर प्रेम करा" असं कुणी ऐकवू नये. त्यांचं म्हणणं आधी ऐका.

पण त्या आठ आण्यांकडे नीट बघा. मला सगळ्या हकिकतीत ती गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. नगावर पैसे ठरले की पकडणारा कुठलं कुत्रं पकडतो? जे हाताला सोपं लागतं ते. "यू यू" म्हटलं की शेपूट हलवत येतं ते. म्हणजे कुणाच्या तरी दारातलं, कुणाच्या तरी हातची भाकरी खाणारं. चावरं कुत्रं माणसाला जवळ येऊ देत नाही आणि पिसाळलेलं एका जागी थांबत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शिरोळ तालुक्यात होते तेव्हा एका गावात पिसाळलेलं कुत्रं शिरलं. गावानं बाहेरून माणसं बोलावली आणि नगाप्रमाणे दर ठरवला. मला कळवलं संध्याकाळी, सगळं आटोपल्यावर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जी कुत्री पडली होती त्यातली निम्मी माझ्या ओळखीची होती, लस टोचून घेतलेली. एका तांबड्या कुत्रीच्या गळ्यात काळा दोरा आणि त्यात एक कवडी होती. तिचे सड दुधानं भरलेले होते, म्हणजे पिल्लं कुठंतरी होती. ज्या घरची ती कुत्री, त्या घरची म्हातारी ट्रॉलीच्या चाकाला धरून बसली होती आणि तिचा मुलगा पकडणाऱ्यांच्या अंगावर धावून जात होता. पिसाळलेलं कुत्रं दुसऱ्या दिवशी सकाळी उसाच्या फडातून बाहेर आलं आणि दोन म्हशींना चावून गेलं.

मुंबईत तेच झालं. बक्षिसासाठी मारणाऱ्यांनी मोकाट आणि पाळीव असा फरक ठेवला नाही, मालकांच्या डोळ्यांदेखत कुत्री मारली, अशा तक्रारी होत्या. कोटात पारशांची वस्ती दाट. त्यांच्या धर्मात कुत्र्याची जागा फार वरची आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहाला कुत्र्याची नजर लागावी म्हणून कुत्रं आणून दाखवतात, त्या विधीला सगदीद म्हणतात. डोळ्यांवर दोन ठिपके असलेलं कुत्रं त्यासाठी उत्तम मानतात, ते चार डोळ्यांचं. परलोकाच्या पुलाशी कुत्री उभी असतात अशीही श्रद्धा आहे. वेंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथाचा तेरावा अध्याय सगळा कुत्र्यांवर आहे, आणि कुत्र्याला इजा करणाऱ्याला काय शिक्षा ते त्यात सांगितलंय. अशा माणसांच्या उंबऱ्यासमोर दांडक्यानं कुत्री मारायची, आणि तीही त्यांच्या पवित्र दिवशी. ६ जूनला जमाव कुत्री मारणाऱ्या शिपायांवर तुटून पडला.

दुसरा दिवस मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ७ जूनला बाजार बंद झाला, आणि त्यात एकटे पारशी नव्हते. जैन, हिंदू, मुसलमान दुकानदारही उतरले. जैनांचं कारण सांगायला नको. हिंदूंचं आपण कोल्हापूरकरांना तरी वेगळं सांगायला नको, नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या प्रत्येकानं दत्ताच्या पायाशी चार कुत्री पाहिलीत, आणि खंडोबाचं कुत्रं आपल्या धनगरवाड्यांत आजही मानानं जेवतं. पण माझं मत असं, की नुसत्या धर्मासाठी एवढी माणसं एका दिवसात एकत्र येत नाहीत. कुणाला न विचारता घरात हात घातला, हा राग सगळ्यांचा सारखा होता.

कुलाबा तेव्हा वेगळं बेट होतं, मुंबईला जोडणारा रस्ता (कॉजवे) झाला १८३८ साली. तिथं गोऱ्या लष्कराची छावणी होती, आणि तिचं खाणंपिणं मुंबईच्या बाजारातून जायचं. लोकांनी ती रसद अडवली. मग मात्र सरकार हललं. लष्कर रस्त्यावर आलं, धरपकड झाली, पुढं खटले चालले आणि काहींना शिक्षा झाल्या.

मिटवायला पुढं आले ते शेठ लोक. ज्यांच्या नावाचं जे. जे. रुग्णालय आपण ऐकतो ते जमशेटजी जिजीभाई त्यांत होते. त्यांचा व्यापार कंपनीच्या राज्यावर चालायचा, सरकारशी वैर त्यांना परवडणारं नव्हतं, आणि आपल्या माणसांना तुरुंगात सोडणंही शक्य नव्हतं. त्यांनी अर्ज-विनंत्या केल्या. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यायची असं ठरत गेलं. १८३४ मध्ये जमशेटजींनी आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मिळून मुंबईत पांजरपोळ उभी केली. भुलेश्वरजवळ ती आजही आहे. आपल्याकडं पांजरपोळ म्हटलं की कारखान्यांचा भाग डोळ्यांपुढं येतो, पण त्या नावामागची मूळ कल्पना ही, की भाकड, जखमी, बेवारस जनावराला मरेपर्यंत आसरा मिळावा.

आता तुमची गल्ली. गाडी बोलवायचीच असेल तर पकडून, शस्त्रक्रिया आणि लस करून, त्याच जागी परत सोडण्यासाठी बोलवा. २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या केंद्राच्या नियमांत तेच सांगितलंय. पण हे कामसुद्धा बहुतेक ठिकाणी नगावरच चालतं, म्हणून आठ आण्यांची गोष्ट इथं विसरू नका. गाडीबरोबर गल्लीची दोन माणसं जाऊ द्यात, एक भाकरी घालणाऱ्यांतला आणि एक विरोधातला. कुठलं कुत्रं उचललं, कुठलं सोडलं, हे दोघांनी मिळून वहीत लिहावं. ज्या कुत्र्यानं पोराला चावलं ते पहिल्या फेरीत पकडलं गेलंच पाहिजे, त्याला वेगळं ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगा. ते हाती लागलं नाही आणि बाकी सात-आठ गरीब कुत्री गाडीत चढली, तर फेरी फुकट गेली असं समजा.

दुसरं काम तालमीच्या पोरांचं. रात्री साडेदहानंतर गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बघा. चिकन ६५ ची गाडी बंद होताना उरलेलं कुठं पडतं? मटणाच्या दुकानामागचं पोतं कितीला उचललं जातं? जिथं खाणं उघड्यावर आहे तिथं कुत्र्यांची टोळी जमते, आणि टोळीतलं कुत्रं एकट्या कुत्र्यापेक्षा कितीतरी धीट असतं. चावण्याचे प्रकार अशा जागांच्या आसपास आणि पिल्लं घातलेल्या कुत्रीजवळ जास्त होतात. भाकरी घालणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. दारात, शाळेच्या वाटेवर घालू नका. एक जागा, एक वेळ ठरवा आणि उष्टं उचलून जा. तुमच्या मायेपायी शेजाऱ्याच्या पोराला वाट बदलावी लागत असेल, तर त्याच्या बापाचा राग रास्त आहे.

प्रश्न : एवढी शस्त्रक्रिया, लस, परत सोडणं कशाला? सगळी कुत्री भरून राधानगरीच्या पुढं जंगलात नेऊन सोडावीत. तीही जगतील, आम्हीही जगू.
— एक निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : गुरुजी, ती जगणार नाहीत. गल्लीतलं कुत्रं शिकारीवर जगणारं जनावर नाही, ते माणसाच्या खरकट्यावर वाढलेलं असतं. त्यातली बरीच उपासानं मरतील. जी तगतील ती टोळीनं भेकराच्या, सशाच्या, गव्याच्या वासरामागं लागतील आणि आपल्याकडचे रोग तिथल्या कोल्ह्यांना, रानकुत्र्यांना देतील. दाजीपूरच्या जंगलाचा त्यात काय गुन्हा? आणि जंगलाच्या कडेला वाड्यावस्त्या आहेत. कुत्री तिकडं वळणार, म्हणजे आपलं दुखणं आपण तिथल्या धनगराच्या दारात टाकणार.

हा प्रयोग जगात एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालाय. १९१० साली इस्तंबूल शहर आधुनिक करायचं म्हणून तिथल्या सरकारनं रस्त्यावरची हजारो कुत्री होड्यांत भरून मार्मारा समुद्रातल्या एका उघड्या खडकाळ बेटावर नेऊन सोडली. तिथं खायला काही नव्हतं, प्यायला पाणी नव्हतं. ती कुत्री तहानेनं आणि भुकेनं मेली. शंभर वर्षं उलटून गेली तरी ते शहर ती गोष्ट विसरलेलं नाही. इस्तंबूलमध्ये आजही रस्त्यावर कुत्री आहेत.

ती का आहेत, याचं उत्तर आमच्या शास्त्रात साधं आहे. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, ६३ दिवसांच्या आसपास गाभण राहते, चार-सहा पिल्लं घालते. तुम्ही एक गल्ली रिकामी केली आणि खाणं तिथंच ठेवलं, की शेजारच्या भागातली कुत्री त्या जागेत येतात. ती नवी असतात, बिनलशीची असतात, जागेसाठी आपसांत भांडत असतात, आणि त्यांना माणसांची ओळख नसते. मुंबई महापालिकेनं कितीतरी वर्षं कुत्री मारली आणि कुत्री कमी झाली नाहीत, म्हणून १९९० च्या दशकात मारणं थांबवून निर्बीजीकरणाचा रस्ता धरला. जुनी, शस्त्रक्रिया झालेली, लस टोचलेली कुत्री आपल्या जागेत बाहेरच्यांना शिरू देत नाहीत. आपल्याला ती पहारेकरी म्हणून हवीत. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर त्या भागात रेबीजची साखळी तुटते. सत्तर हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेनं धरलेला आहे.

सर्वोच्च न्यायालयाचं तुमच्या वाचनात आलं असेलच. ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा आदेश झाला, आणि २२ ऑगस्टला तो बदलून शस्त्रक्रिया आणि लस करून त्याच भागात सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी वेगळी ठेवा, असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री मात्र परत तिथं सोडू नयेत असा आदेश झाला. शाळेच्या आवाराबाबत मला तो पटतो. पण तिथून उचललेली कुत्री ठेवायची कुठं, त्यांना खायला कोण घालणार, याची तरतूद आधी पाहिजे. ती नसेल तर कुंपणाआड पुन्हा तेच बेट तयार होईल.

प्रश्न : डॉक्टरबाई, माझ्या नातवाला परवा कुत्र्याचं नख लागलं, थोडं रक्त आलं. मी चुना लावून बांधलं. सून दवाखान्यात न्यायचं म्हणते. आमच्या वेळी पोटात चौदा इंजेक्शनं द्यायचे, ती आठवण आली की जीव घाबरतो. ते कुत्रं बरं आहे, पाणी पितंय. मग न्यायची गरज आहे का?
— एक आजी, मंगळवार पेठ

उत्तर : आजी, हे उत्तर छापून येईपर्यंत मी थांबले नाही, पत्रावर फोन नंबर होता म्हणून त्याच दिवशी सुनेशी बोलले. ती त्याला सीपीआर या सरकारी रुग्णालयात घेऊन गेली. पण तुमच्यासारख्या खूप आज्या आहेत, म्हणून इथं लिहिते.

सून बरोबर आहे. रक्त आलं म्हणजे जखम मोठीच धरायची, दिसायला कितीही लहान असो. चुना, तिखट, हळद, तेल काही लावायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून, पोरगं रडलं तरी. या धुण्यानं जखमेतला विषाणू फार मोठ्या प्रमाणात निघून जातो, आणि ते काम घरातल्या मोरीतच करायचं असतं. मग लगेच दवाखाना. रक्त आलेल्या जखमेत लशीबरोबर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं. ते मागून घ्या, राहून जाऊ देऊ नका. लस अंगात तयारी करायला काही दिवस घेते, तोवरचं संरक्षण या इंजेक्शनानं मिळतं.

पोटातली चौदा इंजेक्शनं आता नाहीत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करायचे, कसौलीला १९११ मध्ये शोधलेली. ती फार दुखायची, काहींना तिचा त्रासही व्हायचा. आपल्या देशात ती बंद होऊन आता वीस वर्षं उलटून गेली. आजची लस दंडात देतात. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत थोडी थोडी देतात, पहिल्या दिवशी आणि मग त्या दिवसापासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. तिसरा डोस झाला, पोरगं खेळायला लागलं की लोक शेवटचा सोडून देतात. तसं करू नका. तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा.

आणि पाण्याचं. पाण्याची भीती माणसाला झालेल्या रेबीजमध्ये दिसते. पिसाळलेलं कुत्रं पाण्यात तोंड घालू शकतं, म्हणून ते पाणी पितंय यावर विसंबू नका. त्याचा आवाज बदललाय का, खालचा जबडा लोंबतोय का, लाळ गळतेय का, उगाच लाकूड-दगड चावतंय का, किंवा कोपऱ्यात गप्प पडून आहे का, हे बघा. दहा दिवस ते नजरेसमोर राहू द्या. मात्र ते दहा दिवस लस थांबवून काढायचे नाहीत. लस सुरू ठेवायची आणि कुत्र्यावर लक्षही ठेवायचं.

प्रश्न : शस्त्रक्रिया झालेलं कुत्रं लांबून कसं ओळखायचं?
— एक कॉलेज विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : कान बघायचा. शस्त्रक्रियेच्या वेळी, कुत्रं गुंगीत असताना, कानाच्या टोकाला छोटी खाच करतात. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा असतो, ही खाच कापून काढल्यासारखी सरळ असते. तुमच्या गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याचा फोटो मोबाइलवर काढा, खाच आहे-नाही लिहा, नर-मादी लिहा. खाच असली तरी रेबीजची लस पुढच्या वर्षी पुन्हा लागते, ती तारीखही त्यातच लिहा. यादी पूर्ण झाली की मला पाठवा. खाच नसलेल्या माद्या आधी, असं करून मी तुम्हाला क्रम लावून देईन.